मुक्काम नऊ किलोमीटर वर सरकला: बालाघाटातल्या एका गावाच्या एसटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगररांगेत पठारावर वसलेलं हे गाव. वस्ती दीड हजाराच्या आतबाहेर. पुढे दोन किलोमीटरवर लमाणांचा तांडा, आणि तिथे रस्ता संपतो. खाली घाट उतरला की नऊ किलोमीटरवर मोठं गाव लागतं. दहावीपर्यंतची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मंगळवारचा बाजार तिथेच. तिथून आणखी पंधरा किलोमीटरवर तालुका. कॉलेज, तहसील, बँक आणि ग्रामीण रुग्णालय म्हणजे तालुका. या लेखात एकाला ‘वरचं गाव’ आणि दुसऱ्याला ‘खालचं गाव’ म्हटलं आहे. ओळख पटू नये म्हणून अंतरं आणि आकडे थोडे इकडचे तिकडे केले आहेत. निर्णय मात्र ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने दिले आहेत. मी या भागात मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. बहुतेक बैठकांना मी हजर होते.

या गावाचं वर्ष दोन भागांत पडतं. दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. माणसं कोयते घेऊन सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पुढे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

एकेकाळी इथे मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी तालुक्याहून वर यायची, चालक-वाहक चावडीत झोपायचे आणि सकाळी गाडी पुन्हा खाली जायची. त्याशिवाय दुपारी एक आणि दिवसा आणखी एक फेरी. आधी कोविडमध्ये सगळंच बंद झालं. मग ऑक्टोबर २०२१च्या शेवटी राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२पर्यंत लांबला. संप मिटल्यावर दुपारची फेरी कशीबशी परत आली. मुक्कामी गाडी आली नाही. आगारात गाड्या जुन्या झालेल्या, काही भंगारात निघालेल्या. ज्या धड होत्या त्या लांब पल्ल्याला लागल्या. खालच्या गावाचा मुक्काम मात्र सुरू राहिला, कारण तिथे रस्ता चांगला होता आणि प्रवासीही जास्त.

अडचण

ऊसतोडीच्या गावात मुलगी दहावी झाली की पुढचं बहुतेकदा घरातलं माणूस ठरवतं, आणि ठरवताना पहिला प्रश्न ‘जाणार कशी?’ हाच असतो. जून २०२३मध्ये वरच्या गावातल्या दहा मुली दहावी पास झाल्या. त्यातल्या तिघींनीच तालुक्याला अकरावीत प्रवेश घेतला, त्याही तिथे नातेवाईक होते म्हणून. दोघींच्या घरी ‘बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बसव’ असं ठरलं. बाकीच्या पाचजणींचं काय ठरलं हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

पोरांचं अडत नव्हतं. एका मोटारसायकलवर तिघं बसून ते खाली उतरायचे. बाकी सगळ्यांना काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली तरी आणखी दोघं मावतात. तालुक्याला जायचे पन्नास रुपये. तेव्हा एसटीचं पूर्ण तिकीट साधारण पस्तीस रुपये होतं. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. या सगळ्या सवलती एसटीच्या दारात सुरू होतात. ज्या गावात गाडीच नाही तिथे बाईला पन्नास रुपये, म्हातारीला पन्नास रुपये आणि शाळेच्या पोरीलाही पन्नासच. गावातल्या एका आजीने बैठकीत हे चांगलं सांगितलं: “आधार दाखवलं की फुकट हाय म्हणत्यात. पन दाखवावं कुनाला?”

वही

पहिल्या बैठकीत फाट्यावर रास्ता रोको करायचं जवळजवळ ठरलंच होतं. सरपंच तयार होते आणि तरुण मंडळी तर फारच तयार होती. मात्र प्राथमिक शाळेतल्या बाईंनी एकच शंका काढली. आगारवाले म्हणतील की तुमच्या गावाला भारमान नाही, तर आपण काय दाखवणार?

भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या त्याचं प्रमाण. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, याची बोलणी आगारात या शब्दापाशी सुरू होतात आणि बहुतेकदा तिथेच संपतात. दुपारच्या फेरीचं भारमान कमी होतं हे गावालाही माहीत होतं. गाडी रिकामी वर यायची आणि रिकामी खाली जायची.

मग पारावरच्या किराणा दुकानात एक वही ठेवली. एका मंगळवारच्या बाजारापासून तिसऱ्या बाजारापर्यंत कोण, किती वाजता, कशाने आणि कशासाठी गेलं, हे दुकानवाल्या काकू लिहायच्या. चौथा रकाना दोन दिवसांत बंद करावा लागला. ‘कशासाठी’ विचारलं की माणसं चिडायची, नाहीतर सरसकट ‘दवाखाना’ सांगायची. तंटामुक्तीचे एक सदस्य सलग तीन दिवस दवाखान्यात गेल्याची नोंद आहे आणि काकूंनी तिच्यापुढे स्वतःहून प्रश्नचिन्ह काढलं आहे.

उरलेल्या तीन रकान्यांनी मात्र गावाचा समज बदलला. सकाळी सहा ते आठ या वेळात गावातून बाहेर पडणारी माणसं वाटली होती त्याच्या दुप्पट निघाली. परतीची वेळ दुपारी एक ते दोन आणि मग संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात पारावरून कुणी हलत नव्हतं, आणि एसटीची एकुलती एक फेरी नेमकी त्या मधल्या वेळात होती. ती तालुक्याहून साडेअकराला निघायची. कॉलेजचा वर्ग सकाळी आठ ते एक. रुग्णालयात केसपेपर काढून, डॉक्टरांना दाखवून, औषधाच्या खिडकीवरून मोकळं व्हायलाही बारा वाजतात. म्हणजे गाडी सगळ्यांच्या आधी निघून जात होती आणि मग तिला भारमान नाही असं म्हटलं जात होतं. पारावर वाट पाहणाऱ्यांना हे कधी उमगलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी प्रश्न ‘गाडी कमी आहे’ एवढाच होता.

पर्याय

रास्ता रोको बाजूला पडला, पण सोडून दिला नव्हता. त्याने एक आश्वासन मिळतं आणि दहा-बारा पोरांवर गुन्हे दाखल होतात, असा सरपंचांचाच जुना अनुभव होता.

दुसरा पर्याय जीपचा. गावातल्याच एका काळी-पिवळीवाल्याने मुलींना महिन्याच्या बोलीवर न्यायची तयारी दाखवली. माणशी बाराशे रुपये. पालकांना हे सोपं वाटलं, कारण माणूस ओळखीचा होता आणि गाडी दारातून निघणार होती. अडचणी तीन. सवलत नसल्यामुळे बाराशे रुपये हा पूर्ण नवा खर्च होता, आणि ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, संपत आलेल्या महिन्यात तोच पहिल्यांदा थांबला असता. शिवाय अशा जीपला ठरावीक थांब्यांवर माणशी भाडं घेऊन चढ-उतार करण्याचा परवाना नसतो. नऊच्या जागी सोळा माणसं बसवलेली असताना घाटात काही झालं, तर विम्याचा दावा अडकायला तेवढं कारण पुरतं. आणि थंडीत गाव रिकामं झालं की चार मुलींसाठी जीप निघणार नव्हती. तो स्वतःच तसं म्हणाला, हा त्याचा प्रामाणिकपणा.

तिसरा पर्याय मानव विकासच्या निळ्या गाडीचा. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ तालुके आहेत आणि हा त्यांपैकी एक. त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींसाठी तालुक्याला ज्या निळ्या बस मिळाल्या त्या एसटीच चालवते. एक गाडी खालच्या गावच्या शाळेपर्यंत येत होती. ती आणखी नऊ किलोमीटर वर आली तर आठवी ते दहावीच्या मुलींचा प्रश्न सुटणार होता. याच कार्यक्रमातून सायकलीही मिळतात, पण त्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींसाठी. अंतर बसलं असतं तरी हा घाट सायकलीवर चढायचा नाही.

वसतिगृहाचाही विषय निघाला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे. पण जागा मोजक्या आणि ‘पोरगी बाहेर ठेवायची’ म्हटलं की निम्मी घरं गप्प. ग्रामपंचायतीने स्वतःची गाडी घ्यावी, असंही एकाने सुचवलं. ड्रायव्हरचा पगार कोण देणार, या पहिल्याच प्रश्नावर तो विषय संपला.

राहिली मुक्कामी गाडी. इथे शाळेच्या बाईंनी आणि काकूंनी मिळून जो मार्ग काढला तोच या प्रकरणाचा कणा आहे. खालच्या गावात मुक्कामी गाडी आधीच होती. ती संध्याकाळी साडेसहाला तालुक्याहून निघून सव्वासातला पोचायची आणि सकाळी पावणेसातला परत निघायची. तीच गाडी रात्री नऊ किलोमीटर वर आणायची आणि सकाळी सव्वासहाला पठारावरून सोडायची. नवी गाडी नको, नवी माणसं नकोत, दिवसाला फक्त अठरा किलोमीटर जास्त. सोबत दुसरी मागणी: साडेअकराची फेरी दीडला करा. फेऱ्यांची संख्या तेवढीच, फक्त वेळ बदला.

तरुणांना ही मागणी कमीपणाची वाटली. “आधी तीन फेऱ्या होत्या, आता दोन मागायच्या का?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कारण एकदा कमी मागितलं की तेच कायमचं होतं. पण पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन फेऱ्यांचाच ठराव झाला आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स ठरावाला जोडल्या.

आगाराची बाजू

सप्टेंबरमध्ये आगारात बैठक झाली. आगारप्रमुखांनी वही उलटून पाहिली आणि पहिलं वाक्य बोलले, “असं कुणी आणत नाही. सगळे निवेदन आणतात.” त्यानंतर त्यांनी ज्या अडचणी सांगितल्या त्या गावाला ठाऊक नव्हत्या. इथे थोडं थांबायला हवं, कारण गावोगावच्या आंदोलनांना ही बाजू कधी दिसतच नाही.

एसटीचं वेळापत्रक प्रवाशांच्या सोयीएवढंच कर्मचाऱ्यांच्या ड्युटीवर उभं असतं. सकाळच्या पाळीचे चालक-वाहक पहाटे हजेरी लावतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला त्यांची ड्युटी संपते. वरच्या गावची साडेअकराची फेरी ही त्यांची शेवटची फेरी होती. ती दीडला केली तर ते चारपर्यंत अडकतात आणि ओव्हरटाइम लागतो. म्हणजे ही फेरी दुपारच्या पाळीला द्यायला हवी, आणि त्या पाळीची पहिली फेरी दुसऱ्याच एका गावाला जात होती. एका गावची वेळ बदलायची म्हणजे दुसऱ्या गावच्या वेळेला हात लावायचा. वाहतूक नियंत्रकांनी शेवटी तेच केलं. दोन गावांच्या फेऱ्यांची अदलाबदल झाली.

मुक्कामाबद्दलची अट वेगळी होती. मुक्कामी गाडी खरं तर आगाराच्याही फायद्याची असते. सकाळी माणसं गावाकडून तालुक्याकडे जातात, त्यामुळे गाडी आगारातून सुटली तर पहिली खेप रिकामीच वर न्यावी लागते. पण चालक-वाहक वर राहायला तयार नव्हते. चावडीत उंदीर, दाराला कडी नाही, संडास नाही. वाहकाने बैठकीतच सांगितलं की आधीच्या वेळी पहाटे टमरेल घेऊन रानात जावं लागायचं आणि पावसाळ्यात तर साप. हे ऐकताना सरपंचांनी मान खाली घातली. गाव वर्षानुवर्षं ‘आमची मुक्कामी गाडी’ म्हणत आलं होतं. गाडी घेऊन येणारी माणसं झोपतात कुठे, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

तिसरी अट रस्त्याची. घाटातल्या दोन वळणांवर वेड्या बाभळी इतक्या आत आल्या होत्या की खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर फांदी यायची. पारासमोर गाडी वळवायची जागा मोटारसायकलींनी भरलेली असायची.

काय केलं

ग्रामपंचायतीने समाजमंदिराच्या बाजूची पडून असलेली खोली दुरुस्त केली. पत्र्याखाली दोन लोखंडी कॉट, एक पंखा, मच्छरदाण्या, आतून लागणारी कडी. मागे संडास-बाथरूम, त्यावर पाण्याची टाकी आणि बाहेर बल्ब. हा बल्ब यादीत नव्हता. पाहायला आलेल्या वाहकाने सांगितला, “रात्री उठलं तर दिसायला पाहिजे.” किल्ली किराणा दुकानात. झाडलोट ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे.

बाभळी गावाने श्रमदानाने तोडल्या. दोन खड्ड्यांत मुरूम टाकला. पारासमोर चुन्याची रेघ मारून ‘एसटी वळणार, गाड्या लावू नये’ असं भिंतीवर लिहिलं. ते पहिले आठ दिवस कुणी पाळलं नाही. मग एका रात्री चालकाने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. तेव्हापासून पाळतात. आगारातून एक चालक आणि वाहतूक निरीक्षक रिकामी गाडी घेऊन रस्ता तपासून गेले.

जीपवाल्याशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. तो गावचा, त्याच्या गाडीवर कर्ज. “मॅडम, हप्ता काय एसटी भरनारंय का माझा?” त्याचा प्रश्न खरा होता. पण जीप एसटीच्या दहा मिनिटं पुढे काढली की एसटीचे निम्मे प्रवासी ती उचलते, आणि महिन्याभरात एसटीला ‘भारमान नाही’ असा शेरा मिळतो. ही युक्ती सगळ्या तालुक्यात चालते. शेवटी त्याने सकाळी साडेसातच्या आत जीप काढायची नाही आणि मधल्या दिवसाचे सगळे प्रवासी त्याचे, असं ठरलं. लेखी काही नाही. पारावर, चारजणांसमोर.

खालच्या गावाशी मात्र बोलणं झालंच नाही. गाडी वर जाणार हे त्यांना गाडी वर गेल्यावर कळलं.

मध्येच बिघडलं

गाडी दिवाळीनंतर सुरू झाली, नोव्हेंबर २०२३च्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे नेमकी गाव रिकामं झाल्यावर. याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. पहिल्या महिन्यात सकाळच्या गाडीला वरच्या गावातून सात-आठ माणसं असायची.

त्यातच डिसेंबरमध्ये गाडी बंद पडली आणि बदली गाडी कधी यायची, कधी नाही. खरा घोटाळा इथे झाला. गाडी रद्द झाल्यापेक्षा ती येणार की नाही हे न कळण्याने माणसं तुटली. थंडीत पहाटे सहाला दोन पोरी पारावर उभ्या, साडेसहा झाले, गाडी रात्री आलीच नव्हती हे त्यांना दिसत होतं पण सकाळी तालुक्याहून एखादी सोडतील अशी आशा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आयांनी त्यांना पाठवणं थांबवलं. जीप पुन्हा साडेसहाला निघू लागली, आणि त्यासाठी जीपवाल्याला कुणी दोष दिला नाही.

जानेवारीत आगाराचा निरोप आला: भारमान नाही, मुक्काम खाली नेऊ. इथे गावापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे आमदारांना गाठून वरून फोन लावणं. ते सोपं होतं आणि पूर्वी जमलंही होतं. दुसरी वाट आगाराशी पुन्हा बसण्याची. बाईंनी आग्रह धरला की फोनने आलेली गाडी पुढच्या फोनने जाते. बैठकीत दोन गोष्टी मागितल्या. ऊसतोडीच्या महिन्यांचा आकडा जूनपर्यंत हिशेबात धरू नका. आणि गाडी रद्द होणार असेल तर संध्याकाळी पाचच्या आत काकूंना फोन करा.

पहिल्या मागणीला आगारप्रमुखांनी लेखी काही दिलं नाही, पण जूनपर्यंत थांबले. दुसरी मागणी वाहतूक नियंत्रकांनी जागेवरच मान्य केली. त्याला खर्च नव्हता. तेव्हापासून गाडी नसेल त्या संध्याकाळी काकू दुकानासमोर लाल प्लॅस्टिकची बादली उलटी ठेवतात आणि मुलींच्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उद्या नाही’ एवढंच टाकतात. जीप होती तोवर मग पालक जीपवाल्याला सांगायचे आणि त्या दिवशी तो सहाला निघायचा. गाडी नंतरही अधूनमधून रद्द होतच राहिली. आषाढीला गाड्या पंढरपूरला जातात, नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत त्या मतदान केंद्रांकडे गेल्या. पण पारावर ताटकळणं बंद झालं.

एप्रिल २०२४मध्ये आणखी एक अडचण आली. गावाला टँकर लागला आणि समाजमंदिराच्या मागची टाकी कोरडी पडली. दोन रात्री चालक-वाहकांनी कळशीवर भागवलं, तिसऱ्या दिवशी मुक्काम खाली गेला. आठवडाभराने टँकरच्या वाटपात ती टाकी पहिल्या नंबरला घातली तेव्हा गाडी परत वर आली. यावर गावात भांडण झालं. ज्यांच्या घरात चार दिवसांनी पाणी येतं त्यांना आधी एसटीवाल्यांची टाकी भरलेली पाहणं सोपं नव्हतं.

निष्पत्ती

जून २०२४मध्ये वरच्या गावातल्या नऊ मुलींनी अकरावीत प्रवेश घेतला. आदल्या वर्षी घरी राहिलेल्यांपैकी दोघी त्यात होत्या. पावसाळ्यात सकाळची गाडी खालच्या गावापर्यंतच बसून भरू लागली. आगाराने मुक्काम हलवायचा विषय पुन्हा काढलेला नाही. जानेवारी २०२५मध्ये एसटीची भाडेवाढ झाली, जवळपास १५ टक्के, तरी अर्ध्या तिकिटामुळे बायकांना जीपपेक्षा गाडी परवडतेच. त्या आजी महिन्यातून एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जातात. सकाळी सव्वासहाची गाडी आणि दीडची परत.

जीपवाल्याचं उत्पन्न किती घटलं हे त्याने सांगितलं नाही. त्याने जीप विकून मालवाहू छोटा हत्ती घेतला आहे आणि भाजी, शेळ्या, खताच्या गोण्या नेतो. परिणामी मधल्या वेळेत गावातून बाहेर पडायला आता काहीच नाही. गाडी रद्द झाली तर पर्यायी वाहन नाही, हा नवा धोका आहे आणि त्यावर अजून कुणी बसून विचार केलेला नाही.

निळी गाडी वर यायला जून २०२५ उजाडलं. पहिल्यांदा मागणी केली ती ऑगस्ट २०२३मध्ये. तोवर वर्षाचं वेळापत्रक आणि किलोमीटर ठरून गेले होते. दुसऱ्या वर्षी मुलींची यादी शाळेकडून उशिरा गेली. दोन वर्षं आठवी ते दहावीच्या मुली मुक्कामी गाडीने पावणेसातलाच खालच्या शाळेत पोचून दहापर्यंत व्हरांड्यात बसायच्या, नाहीतर चालत जायच्या.

वेगळं काय करता आलं असतं

वही पारावर ठेवली, हा निर्णय चांगला होता आणि अपुराही. तांड्यावरची माणसं पारापर्यंत येतच नाहीत. जीप त्यांना तांड्याच्या वळणावरच उचलायची. त्यामुळे वहीत तांडा जवळजवळ नव्हता, म्हणून मागणीत नव्हता आणि म्हणून गाडी पारावरच थांबते. तांड्यातल्या बायका आणि मुली पहाटे साडेपाचला अंधारात दोन किलोमीटर चालत येतात. वही तांड्यावरही ठेवायला हवी होती. हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं तेव्हा आगाराने रास्त प्रश्न विचारला: तिथे गाडी वळणार कुठे? ओढ्यावरची फरशी बसचं वजन घेईल का? त्याची तपासणी अजून व्हायची आहे.

खालच्या गावाला विश्वासात न घेणं महागात पडलं. सकाळी गाडी त्यांच्याकडे येते तेव्हा निम्म्या तरी जागा भरलेल्या असतात, पावसाळ्यात तर सगळ्याच. जी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्या दारातून रिकामी सुटत होती तीत आता त्यांच्या म्हाताऱ्यांना उभं राहावं लागतं. ‘आमची गाडी पळवली’ असं निवेदन त्यांनी आगारात दिलं आहे. दोन्ही गावांनी मिळून मोठी गाडी किंवा बाजाराच्या दिवशी जादा फेरी मागितली असती, तर दोन निवेदनं एकमेकांविरुद्ध गेली नसती. ज्या तिसऱ्या गावाशी दुपारच्या वेळेची अदलाबदल झाली, त्यांना तर स्टँडवरच्या फळ्यावरूनच कळलं. ती जबाबदारी आगाराची म्हणता येईल, पण मागणी करणाऱ्या गावाला त्या बैठकीत ते माहीत होतं.

सुरुवातीची वेळही चुकली. फेरी नवी असते तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचं भारमान तिचं भविष्य ठरवतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात नवी फेरी पाडव्यानंतर किंवा जूनमध्येच सुरू करून घ्यावी, दोन महिने थांबावं लागलं तरी. गावाला वाटत होतं की आगाराचा होकार आला आहे तर लगेच घ्यावा, उद्या बदलला तर? ही भीती समजते. तरीही, चार महिने उशिरा सुरू झालेली फेरी टिकण्याची शक्यता जास्त होती, असं मला वाटतं.

निळ्या गाडीसाठी यादी एप्रिलमध्येच जायला हवी, जूनमध्ये नव्हे. अडचण अशी की एप्रिलमध्ये काही पालक अजून उसाच्या फडावर असतात आणि कोणती मुलगी पुढे शिकणार हे घरात ठरलेलंच नसतं. यंदा बाईंनी ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे नंबर घेऊन फडावर फोन लावले आणि नावं तशीच घेतली. तीन आयांनी ‘बघू’ म्हटलं. त्यांची नावंही यादीत घातली, कारण गाडीची जागा आधी मागावी लागते आणि पोरीचं शिक्षण त्या मानाने उशिरा ठरतं.

विद्यार्थ्यांचे पास आता शाळेतच द्यायला एसटीने जून २०२५पासून सुरुवात केली आहे. त्यामुळे पासासाठी तालुक्याच्या खिडकीवर जाणारा एक दिवस वाचतो. अकरावीच्या मुलींचे पास मात्र तालुक्याच्या कॉलेजातून निघतात, आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिले काही आठवडे त्यांना तिकीट काढूनच जावं लागतं. अर्धं तिकीट जाऊन-येऊन रोज चाळीसच्या घरात. ग्रामपंचायतीने या आठवड्यांपुरते पैसे द्यावेत, असा प्रस्ताव पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आहे.